निळ्या नळीवरचा हात

बर्नाडीन नेसने टॉवेलात गुंडाळलेलं ओझं काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात पटकन कोटाच्या खिशात घातले.

"उघड," ती म्हणाली. "पण पुसायचं नाही. आधी शपथ घे."

"अगं, शपथ कसली घालतेस? बस तरी. एवढ्या पावसात चालत आलीस?"

"टोरा, शपथ."

टोरा हेगलंडने शपथ घेतली. एकतीस वर्षं ती ग्रिमसुंड बेटावर बंदुकांचं दुकान चालवत होती. अलास्कातल्या या टोकाला माणसांपेक्षा अस्वलं जास्त, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नव्हती, आणि कुणाचं मुकाट्याने ऐकून घ्यायची तिला सवयही नव्हती. पण नवऱ्याला पुरून पाच आठवडे झालेल्या बाईशी वाद घालायचा नसतो. तिने टॉवेल उलगडला.

आत हाल्वरचा रिव्हॉल्व्हर होता. चव्वेचाळीस मॅग्नम, साडेसात इंची नळी, गडद निळा. टोरानेच विकलेला. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी याच रिव्हॉल्व्हरची गोळी हाल्वर नेसच्या उजव्या कानशिलात शिरली होती. त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच टेबलाशी.

नळीच्या एका अंगाला चार तपकिरी पट्टे होते, दुसऱ्या अंगाला एक. टोराने चष्मा चढवला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली.

पट्टे कसले! बोटं होती ती. चार बोटं आणि अंगठा. कुणीतरी नळी मुठीत घट्ट धरावी, तशी.

"पोलिसांकडून परत आला तेव्हा असाच होता," बर्नाडीन सांगू लागली. "मी टॉवेलाने पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा उमटलं. पुन्हा पुसलं, पुन्हा उमटलं. त्याच जागी. मग म्हटलं, आता नाही पुसायचं." तिचा आवाज खाली आला. "त्याचे हात तू तीस वर्षं बघितलेस, टोरा. तेवढं फक्त सांग. हाल्वरचाच हात आहे ना हा?"

भुताखेतांवर टोराचा विश्वास नव्हता, पण हे पाच आठवडे तिचेही काही धड गेले नव्हते. काउंटरच्या काचेवर हात टेकला की हाल्वर समोर येऊन उभा राही, टोपी काखेत धरून. हाल्वर गेल्यापासून तिने एकही रिव्हॉल्व्हर विकला नव्हता. कुणी मागितलाच तर म्हणायची, माल संपलाय. मागे कपाटात अकरा पडले होते.

"तीन दिवस ठेव माझ्याकडे," ती म्हणाली. "मग सांगते."

"पुसणार नाहीस?"

"नाही गं बाई, नाही पुसणार."

बर्नाडीन दारापाशी थांबली. "स्वतःहून जायचं असतं तर त्याने मला एक शब्द तरी लिहिला असता ना? का नसता लिहिला?"

पाच आठवडे टोरा स्वतःलाच तेच विचारत होती, फक्त वेगळ्या शब्दांत. त्याचं मरण मी माझ्या हाताने त्याला निवडून दिलं की काय?

*

रिव्हॉल्व्हर घेतला त्या दिवशी हाल्वर तब्बल तासभर या काउंटरशी उभा होता. समोर दोन रिव्हॉल्व्हर. एक स्टेनलेस, चार इंची नळीचा. दुसरा हा. स्टोव्हजवळच्या खुर्चीत त्याचा भागीदार क्लाइड मॅबरी पाय पसरून बसला होता. एका हातात कॉफी, दुसरा हात खिशात. दोघं मिळून शिकाऱ्यांना अस्वलांच्या मुलखात घेऊन जायचे, वीस वर्षं.

"चार इंची घे," टोराने सांगितलं होतं. "छातीवरच्या म्यानातून चटकन निघतो. अस्वल काही चिठ्ठी पाठवून येत नाही."

"आणि उडवला की मनगटाला लाथ घालतो. नको बाई. लांब नळी जड असते, हातात शांत राहते."

"मग स्टेनलेस तरी घे, तो गंजत नाही. इथे ऊन बघायला कॅलेंडर लागतं."

"पण हा निळा बघ की! कसला देखणा आहे." हाल्वरने नळी डाव्या तळव्यावर पेलली. "वीस वर्षांनी कसा दिसेल गं?"

"रोज तेलाचा हात फिरवलास तर तुझ्यापेक्षा बरा दिसेल."

"मला विचाराल तर स्टेनलेस," क्लाइड खुर्चीतूनच म्हणाला. "घ्या आणि विसरा. निळा म्हणजे नखरेल बायको, रोज मनधरणी करा. वर हा जुन्या धाटणीचा. नुसता चाप दाबून भागत नाही, दर गोळीला घोडा मागे ओढा. हाल्वर, तुझा तर उजवा अंगठा कामातून गेलेला."

"डाव्याने ओढतो. बारा वर्षं तसाच ओढतोय."

"तू तर बोलूच नकोस, क्लाइड," टोरा म्हणाली होती. "बापाचा एवढा सुंदर निळा रिव्हॉल्व्हर गंजवून करपलेल्या पावासारखा करून माझ्याकडे टाकलास."

"दर रविवारी तेल लावायचो, देवाशप्पथ!"

"हो का? आणि मी बिशप आहे."

सगळे हसले होते. हाल्वरही हसला होता, पण त्याचं हसू ओठांच्या वर चढत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जबाबदारीवर आलेला एक तरुण पाहुणा, टोबी फिंच नावाचा, ओढ्याकाठच्या झाडीत अस्वलाने मारला होता. तेव्हापासून हाल्वर निम्मा इथे होता, निम्मा त्या ओढ्याकाठी. गावात सगळ्यांना ते दिसत होतं. म्हणूनच तो गेला तेव्हा कुणी फार प्रश्न विचारले नाहीत.

टोरालाही दिसत होतं. आणि ती मात्र तासभर नळीचे इंच मोजत बसली. माणसाच्या चेहऱ्याकडे धड बघितलं नाही. हे आठवलं की तिला आपलीच शिसारी यायची.

*

तिने रिव्हॉल्व्हर पांढऱ्या कागदावर ठेवला आणि बोटाचं टोक मुठीजवळच्या लोखंडाला लावलं. बोट कागदावर टेकवलं. डाग पडला नाही. घोड्याच्या खाचेत काडी फिरवली. काडीही कोरडी.

मग ती मागच्या खोलीत गेली. तिथे हाल्वरची जुनी रायफल होती, दुर्बीण नीट बसवायला ऑगस्टमध्ये टाकलेली, न्यायची राहून गेलेली. चाळीस वर्षं पावसात, खाऱ्या वाऱ्यात वापरलेली. तो जिथे धरायचा तिथे निळा रंग झिजून रुपेरी झाला होता. गंजाचा मात्र ठिपकासुद्धा नव्हता.

टोरा स्टुलावर बसली. पाऊस छपरावर एकसारखा वाजत होता. समोर कागदावर ती पाच बोटं.

हाल्वर, हा हात तुझा नाही, ती मनात म्हणाली, आणि मग तिला खरी भीती वाटली. कारण हात होता. म्हणजे कुणाचा तरी होता.

*

बेटावरचा एकमेव पोलिस रूबेन अगबायानी कचेरीत भाताचा डबा उघडून बसला होता. त्याचा आजा फिलिपिन्सहून मासळीच्या कारखान्यात कामाला आला, तेव्हापासून हे घराणं इथलंच.

"केस बंद झालीय, टोरा," तो आधीच म्हणाला. "जेवायला बसा, नाहीतर जा."

"जेव तू. मी विचारते, तू मान हलव. मुठीवर ठसे कुणाचे होते?"

"हाल्वरचे. उजव्या हाताचे. झकास उमटले होते."

"नळीवर?"

"काही नाही."

"घोड्यावर?"

"काही नाही."

"आणि तुला त्यात काही वाटलं नाही?"

"काय वाटायचं? रिव्हॉल्व्हर हातात होता, ठसे मुठीवर होते."

"तुझं स्वतःचं पिस्तूल कुठलं?"

रूबेनने कमरेकडे बघितलं. "सरकारी. चाप दाबला की चालतं."

"तेच म्हणते मी. टेबलावर काय काय होतं?"

त्याने चमचा ठेवला आणि कुरकुरत फाइल काढली. "तेलाची बाटली, उघडी. तेलाचं फडकं, घडी घातलेलं. काडतुसांची पेटी. कॉफीचा एक मग, अर्धा भरलेला. हाल्वरचे दोन्ही हात तेलकट होते."

"मोरीपाशी?"

"भांडी पुसायचा टॉवेल, ओला, कठड्यावर. बायका ठेवतात तसा."

"बर्नाडीन कधीच तसा ठेवत नाही, खुंटीला टांगते. ती कुठे होती?"

"चर्चच्या जेवणात. साठ साक्षीदार आणि सात प्रकारचे पुडिंग."

"क्लाइड?"

"धक्क्यावर, बोटीचा पंप उघडून बसलेला. एकटाच. आणि तो टोबीचा बाप, लेलंड फिंच, तो आदल्या दिवशीच ओहायोहून आलेला, खानावळीच्या खोलीत होता. तोही एकटाच. आल्यापासून गावभर सांगत होता, हाल्वर मेला तर मी नाचेन. मला तो आवडला नाही, पण न आवडणं हा पुरावा नसतो."

"या दोघांना विचारलं होतंस का, हा रिव्हॉल्व्हर कधी हातात घेतला होता का म्हणून?"

"विचारलं होतं. दोघंही नाही म्हणाले. सही केलीय त्यावर." रूबेन पुढे वाकला. "टोरा, हे सगळं कशासाठी? विकलात म्हणून जीव खातंय का तुमचा? बंदूक विकणाऱ्याने असा विचार केला तर..."

"हो, खातंय," टोरा तडकून म्हणाली. "खाऊ दे. तू तो रिव्हॉल्व्हर इथे कशात ठेवला होतास?"

"प्लास्टिकच्या पिशवीत. त्या कपाटात. पाच दिवस."

"तेल लावून?"

"पुराव्याला तेल लावतात का कुणी?"

"शाब्बास," टोरा उठत म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या आळसाचा उपयोग झाला."

*

दुकानात निळ्या नळीचे चार-चार इंची तुकडे होते, कापलेल्या नळ्यांचे, गिऱ्हाइकाला रंग दाखवायला ठेवलेले. टोराने चार तुकडे गरम पाण्यात साबणाने धुतले, स्पिरिटने पुसले, कोरडे केले. पकडले ते चिमट्याने.

लेलंड फिंच दुसऱ्या दिवशी सकाळी आला. उंच, हडकुळा, दाढी वाढलेली. बोटी सुटत होत्या तरी तो पाच आठवडे या बेटावरून हलला नव्हता.

"खानावळीच्या नोकराने सांगितलं, तुम्ही बोलावलंत."

"बसा. हाल्वरच्या बोटीवर त्याच्या नावाची पाटी लावायचीय. निळी की स्टेनलेस, चार लोकांना विचारतेय."

"त्या माणसाच्या पाटीचं मला विचारताय?"

"तुमचा त्याच्यावर सगळ्यात जास्त राग, म्हणून. हे धरा बघू जरा. वजन बघा, नीट मुठीत घ्या."

फिंचने तुकडा घेतला, मिनिटभर मुठीत आवळला. त्याच्या जबड्याची शीर उडत होती.

"मला त्याने बोलावलं होतं," तो अचानक म्हणाला. "शनिवारी मी आलो तेव्हा फोन केला खानावळीत. म्हणाला, सोमवारी सकाळी या. तुमचा मुलगा त्या झाडीत एकटा का होता, ते आता मला कळलंय. दोन वर्षं मला माहीत नव्हतं. आणि रविवारी साहेब मोकळे! माझा मुलगा शेवटची चाळीस मिनिटं एकटा होता, एवढंच अहवालात आहे. ती चाळीस मिनिटं तो बरोबर घेऊन गेला. मी जाऊ कुठे इथून? कुणाला विचारू?"

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला मारलंत का, बंदुकीला हात लावलात का. बाकी काही विचारलं नाही."

टोराने त्याच्या हातातून तुकडा चिमट्याने घेतला. त्याने विचित्र नजरेने बघितलं. तिने त्याला कॉफी दिली, आणि तो हुंदका देऊन रडला तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिली.

क्लाइड दुपारी आला. हातात धुरावलेल्या सामन माशाची पुडी, अंगावर डांबराचा वास. सकाळपासून तो बर्नाडीनचं छप्पर दुरुस्त करत होता.

"खास तुझ्यासाठी, बिशपीणबाई," त्याने पुडी ठेवली. "बर्नीला सांग जरा, खात जा म्हणावं. बोलतच नाही. नुसती टेबलाशी बसते."

"तू फार करतोस रे तिच्यासाठी."

"भागीदाराची बायको. करायला नको?"

तिने पाटीचं विचारलं. त्याने निळा तुकडा मुठीत घेतला, वरखाली केला, दुसऱ्या हातात स्टेनलेसचा घेतला.

"स्टेनलेस," तो म्हणाला. "पण हाल्वरला निळाच आवडला असता. निळी लाव." आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. या माणसाबरोबर तिने पंचवीस नाताळ साजरे केले होते.

तिसरा तुकडा बर्नाडीनने धरला. चौथा टोराने स्वतः. मग हेरिंग मासळीच्या लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या, तळाशी ओला कागद, आत एकेक तुकडा, वर झाकण. झाकणांवर नावं. बरण्या तिने खिडकीत ठेवल्या आणि दोन दिवस तिकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी बघितलं. तीन तुकडे निळे होते. उरलेल्या एकावर चार बोटं उमटली होती.

तिने झाकणावरचं नाव दोनदा वाचलं.

*

दुपारी तीनला सगळे दुकानात होते. पाटीवर काय लिहायचं ते ठरवायला, असं तिने सांगितलं होतं. बर्नाडीन खुर्चीत. फिंच दाराशी. क्लाइड स्टोव्हजवळ, नेहमीच्या जागी. रूबेन काडतुसांच्या कपाटाला टेकून. काउंटरवर टॉवेलातला रिव्हॉल्व्हर आणि कापडाखाली झाकलेलं काहीतरी.

"पाटीचं राहू दे," टोरा म्हणाली. "बर्नाडीनने मला एक प्रश्न विचारलाय. आधी त्याचं उत्तर देते. हाल्वरने जीव दिला नाही."

बर्नाडीनने खुर्चीचे हात धरले.

"हा रिव्हॉल्व्हर घोडा ओढल्याशिवाय उडत नाही. हाल्वर घोडा डाव्या अंगठ्याने ओढायचा, कारण उजवा चालत नव्हता. त्या दिवशी त्याने नुकतंच तेल लावलं होतं. दोन्ही हात तेलकट, रूबेनच्या फाइलीत आहे. मग घोड्यावर तेल कुठाय? मुठीवर ठसे आहेत, आणि मुठीबाहेर सगळं लोखंड कोरडं ठक्क. बर्नाडीनने पुसली ती नुसती नळी; मी घोड्याच्या खाचेत काडी घालून बघितली. तेल लावून पाच मिनिटं झालेला रिव्हॉल्व्हर कोरडा कसा असेल? कुणीतरी तो खसखसून पुसला. ठसे पुसताना तेलही गेलं. मेलेला माणूस काही उठून पुसत नाही."

रूबेन कपाटापासून सरळ उभा राहिला.

"कशाने पुसला? तेलाचं फडकं टेबलावर घडी घातलेलं होतं, हाताशी. ते नाही घेतलं. मोरीवरचा भांड्यांचा टॉवेल घेतला. त्यानेच स्वतःचा कॉफीचा मग धुऊन पुसला आणि टॉवेल कठड्यावर टाकला. आता मला सांगा, निळी बंदूक वापरणारा माणूस कधी कोरड्या फडक्याने बंदूक पुसेल? त्याचा हात झोपेतसुद्धा तेलाच्या फडक्याकडे जाईल. मी स्वतः घाईघाईत माणूस मारला तरी तेलाचंच फडकं उचलीन. कोरडा टॉवेल उचलतो तो स्टेनलेसवाला. घ्या आणि विसरा."

"मी बंदूकच वापरत नाही," फिंच दारातून कोरडेपणाने म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्यावरही संशय होता. पण पुढे ऐका. पुसल्यावर त्याने रिव्हॉल्व्हर हाल्वरच्या हातात दिला. द्यायला नळी धरावी लागते. घट्ट धरली, कारण मेलेल्या हाताची बोटं मुठीभोवती वळवायला वेळ लागतो. मग नळी पुन्हा पुसली. त्याच टॉवेलाने. ठसे गेले. घाम गेला नाही."

टोराने टॉवेल उलगडला. नळीवरची पाच बोटं सगळ्यांना दिसली. फिंचच्या तोंडून दबका आवाज निघाला.

"हजारात एखाद्याचा घाम असा असतो, लोखंड खाणारा. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाने कितीही तेल लावलं तरी त्याची निळी बंदूक करपते. त्याला आम्ही स्टेनलेसच देतो. हाल्वर तसा नव्हता, त्याची चाळीस वर्षांची रायफल मागे आहे, बघून घ्या. घाम लोखंडात मुरला. पाच दिवस प्लास्टिकच्या पिशवीत दमटला. आणि हात वर आला. कोरडा पुसला की जायचा, दोन दिवसांनी पुन्हा यायचा."

क्लाइडने कॉफीचा घोट घेतला. "टोरा, इथे पावसात काय गंजत नाही? माझी बिजागरं गंजली."

"तू हा रिव्हॉल्व्हर कधी हातात घेतलास?"

"कधीच नाही. जबानीत आहे."

"दुकानात?"

"माझ्या एका हातात कॉफी होती, दुसरा खिशात. तूच बघितलंस."

"बघितलं. नंतर?"

"नाही म्हटलं ना!"

टोराने कापड ओढलं. चार बरण्या. चार नावं. तीन निळे तुकडे. आणि क्लाइड मॅबरीच्या नावाच्या बरणीत तपकिरी बोटं, तशीच जाड, तशीच जवळजवळ.

"तू खरंच दर रविवारी तेल लावत होतास, क्लाइड," टोरा म्हणाली. "तेवढ्यासाठी मी तुझी माफी मागते. बापाच्या रिव्हॉल्व्हरबद्दल तू खरं बोलत होतास आणि मी वीस वर्षं तुझी थट्टा केली. माझ्यापाशी आधी अक्कल असती तर मला सगळं पहिल्याच दिवशी कळलं असतं."

क्लाइड आपल्या तळहातांकडे बघत राहिला. रूबेन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"मी हरणामागे गेलो होतो," क्लाइड म्हणाला. बोलला फिंचकडे बघून. "टोबीला म्हटलं, इथेच थांब, पाच मिनिटांत येतो. कड्यावर मोठा नर दिसला होता. चाळीस मिनिटं लागली. परत आलो तर... हाल्वर बोटीवर होता. त्याला मी सांगितलं, पोरगं माझं न ऐकता एकटं गेलं. त्या फेरीचा परवाना त्याच्या नावावर, त्याने सगळा बोल स्वतःवर घेतला. यंदा सप्टेंबरमध्ये तो त्या ओढ्यावर गेला. का जायचं? दोन वर्षांनी का जायचं परत? कड्यावरच्या झाडाला माझी दोरी होती अजून, हरणाचं मांस टांगलेली. माझी गाठ तो ओळखायचा."

"आणि रविवारी?" रूबेनने विचारलं.

"म्हणाला, उद्या फिंचना सांगायचं. रागावला नव्हता. कॉफी ओतली माझ्यासाठी. म्हणाला, मी तुझ्याबरोबर उभा राहतो, दोघं मिळून सांगू. तेल लावून काडतुसं भरून त्याने रिव्हॉल्व्हर खाली ठेवला आणि दूध आणायला वळला. परत बसला तेव्हा..." तो थांबला. "माझा परवाना गेला असता. तुरुंग झाला असता. मला दुसरं काय येतं? तो बरोबर उभा राहणार म्हणे! त्याला काय, त्याचं मन स्वच्छ."

फिंच दारातून पुढे आला. रूबेनने हात आडवा धरला, पण फिंचने काही केलं नाही. "चाळीस मिनिटं," तो म्हणाला, "हरणासाठी," आणि तसाच बाहेर पावसात निघून गेला.

रूबेनने रिव्हॉल्व्हर आणि बरण्या उचलल्या, क्लाइडला घेऊन तोही गेला. दार लागलं. टोराला वाटलं, छातीवर पाच आठवडे बसलेलं काहीतरी उठून गेलं. आपण त्याला मरण निवडून दिलं नाही. वीस वर्षांनी कसा दिसेल, असं विचारणाऱ्या माणसाने वीस वर्षं जगायचंच ठरवलेलं असतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, सुटकेने.

"ऐकलंस ना गं? तो तुला सोडून गेला नव्हता."

बर्नाडीन खुर्चीतून उठली नव्हती. आपला उजवा हात तिने समोर धरला होता, बोटं किंचित वाकवून, काहीतरी मुठीत असल्यासारखी.

"मी पुसायचं का थांबवलं, ते तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी तो टेबलावर घ्यायचे. त्या बोटांवर माझी बोटं ठेवायचे. एकेक, नीट जुळवून. म्हणायचे, आलास? दिवसभर कुठे होतास? आज क्लाइड आला होता, छपराची गळती काढतोय. सगळं सांगायचे. नऊ दिवस, टोरा. मला बरं वाटायला लागलं होतं."

टोरा काउंटरमागून तिच्यापाशी आली.

"तो गेला नव्हता," बर्नाडीन म्हणाली. "आणि आलाही नव्हता. मग मी रोज हात कुणाचा धरत होते?"

टोराने तिला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या खोलीत नेलं. तिने नळ सोडला, पाणी कढत होईपर्यंत थांबली, आणि बर्नाडीनच्या हाताचं एकेक बोट साबण लावून धुवायला घेतलं.